वेदिका पुढे का गेली

शुक्रवारी संध्याकाळी मळ्याच्या मुलींचा हॉकी संघ सटाण्याकडून जादा वेळेत हरला आणि शनिवारी सकाळी नऊला, मार्केटात माल उतरवून झाल्यावर, सोमनाथच्या टोमॅटोच्या शेडमध्ये पंचनाम्याची बैठक भरली. संघ जिंकला की बैठक भरत नसे. जिंकल्यावर काय बोलायचं असतं, याचा मळ्यात कुणाला सरावच नव्हता. हरण्यावर मात्र सगळ्यांचा हात बसलेला होता.

कुसाबाई सगळ्यांच्या आधी येऊन उलट्या क्रेटवर बसली होती. वय सत्तर, गुडघे दोन, दोन्ही निकामी. तरी हॉकीतलं शेवटचं मत आपलंच, अशी तिची समजूत होती आणि ती मोडायची कुणाची टाप नव्हती. एकोणीसशे एकाहत्तर साली ती शाळेच्या संघातून फुलबॅक, म्हणजे गोलापुढची राखणदार, खेळली होती. मळ्यातली पोर, हातात काठी, गुडघ्याएवढा स्कर्ट आणि भर मैदानात. वडिलांनी परवानगी दिली ती हॉकी म्हणजे काय हे त्यांना नीट कळलं नाही म्हणून. शाळेतल्या बाईंनी सांगितलं, यानं मुलींना शिस्त लागते. वडिलांना वाटलं, भरतकामाचाच काहीतरी प्रकार असणार. पुढच्या वर्षी लग्न झालं आणि काठी चुलीत गेली. पण त्या एका हंगामाच्या भांडवलावर कुसाबाईनं चोपन्न वर्षं तज्ज्ञपण चालवलं होतं.

शेजारी अंबूबाई झेंडूच्या माळा ओवत होती. तीही त्याच संघातली, तीही फुलबॅक. कुसा डावीकडे, अंबू उजवीकडे. पण अंबूबाईला तज्ज्ञ कुणी म्हणत नसे. त्याला कारण कुसाबाईच होती. ते पुढे येईलच. तिसरा रंगनाथ. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी करून निवृत्त झालेला, त्यामुळे कुठल्याही भानगडीत आधी कोण चढलं आणि नंतर कोण उतरलं, याचा क्रम लावल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आणि चौथा सोमनाथ, कुसाबाईचा पुतण्या. शेड त्याची, टोमॅटो त्याचे आणि काल जिच्या पाठीमागून गोल झाला ती फुलबॅक वेदिका, ती मुलगीही त्याचीच.

पंचनाम्याची पद्धत ठरलेली होती. जमिनीवर गोणपाट अंथरायचं, त्यावर खडूनं दोन्हीकडचे गोल आणि त्यांच्यापुढची अर्धवर्तुळं, म्हणजे डी, काढायची आणि भाज्या मांडून गोल परत घडवायचा. आपल्या मुली म्हणजे टोमॅटो. समोरचा संघ सटाण्याचा, म्हणजे कांद्याच्याच गावचा, असल्यामुळे त्या दिवशी कांदे घेण्यावरून काही वाद झाला नाही. गोलकीपर कोबीचा गड्डा. चेंडू म्हणजे वाटाण्याचा दाणा, तो सारखा गोणपाटावरून घरंगळायचा आणि मग सगळा सामना थांबवून क्रेटांच्या खाली शोधावा लागायचा.

सोमनाथनं वेदिकासाठी टोमॅटो निवडला तो देठाकडे हिरवा राहिलेला.

"हा कशाला?" रंगनाथनं विचारलं.

"कच्ची आहे म्हणून," सोमनाथ म्हणाला.

काल झालं होतं ते असं. आता सगळीकडे बरोबरी झाली की शूटआउट घेतात, पण या स्पर्धेच्या मंडळानं आपला जुना नियम सोडला नव्हता: पंधरा मिनिटं जादा, आणि त्यात जो पहिला गोल करेल तो जिंकला, तिथेच शिट्टी. कुसाबाईला हा नियम फार आवडायचा. काल संध्याकाळपर्यंत आवडायचा. जादा वेळेच्या सातव्या मिनिटाला सटाण्याच्या सेंटर फॉरवर्डनं मैदानाच्या मध्यावर चेंडू घेतला. वेदिका आपल्या जागेवर उभी होती, डीच्या तोंडाशी, अगदी जिथे हवी तिथे. आणि अचानक ती जागा सोडून पुढे धावली. त्या मुलीनं चेंडू तिच्या काठीजवळून हलकेच बाजूला काढला, मागे रान मोकळं, आणि कोबीचा गड्डा एकटा. दोन-एक.

रंगनाथनं वाटाणा गोलात सारला.

मग नेहमीच्या क्रमानं दोष वाटायला सुरुवात झाली. पहिली दहा मिनिटं पंचाला दिली, कारण तो घरचाच असल्यासारखा हक्काचा होता. नंतर मैदानाच्या उंचवट्याकडे वळले. रंगनाथचं म्हणणं, तिथे चेंडू उडतो हे आपण गेल्या तीन स्पर्धांत पाहिलंय. कुसाबाईनं एरवी इथे १९७१ च्या मैदानाचं वर्णन घातलं असतं, पण ती गप्प होती. मग गोलकीपर मुलीकडे वळले, पण ती अंबूबाईच्या भावाची नात निघाली आणि अंबूबाईनं सुई जरा जोरात फुलात घातली, तेव्हा तो विषय मिटला. शेवटी हात फिरत फिरत त्या हिरव्या देठाच्या टोमॅटोवर आला.

सोमनाथनं तो उचलून गोणपाटाच्या बाहेर ठेवला. म्हणाला, उद्याच्या तिसऱ्या नंबराच्या सामन्यात वेदिकाला बसवावं, असं मी स्वतः संघाच्या मॅडमना सांगणार आहे. माझी मुलगी आहे म्हणून मी पाठीशी घालतो असं कुणी म्हणायला नको.

कुणीच तसं म्हणत नव्हतं. पण सोमनाथला आपण न्यायी आहोत हे दाखवायची अशी घाई व्हायची की समोर अन्याय करायला कुणी आहे की नाही हेही तो बघत नसे. त्याला माहीत होतं, कुसाबाईला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं की उद्याच्या सामन्याला जिल्ह्याच्या संघाची निवड करणारे सर येणार होते. वेदिका सोळा वर्षांची. पुढच्या वर्षी बारावी, मग हे दार तिच्यापुरतं बंद. उद्या बाकावर बसली तर सर कुणाला बघणार? आणि ती आधीच मनातून उतरलेली. रात्री आल्या आल्या काठी माळ्यावर टाकली, जेवली नाही, आईला म्हणाली, मला परत खेळायचं नाही. हेही सोमनाथनंच सांगितलं, बातमी वाचून दाखवावी तसं.

आता सगळे कुसाबाईकडे बघायला लागले. फुलबॅकचा प्रश्न होता आणि फुलबॅकच्या प्रश्नावर निकाल तीच द्यायची.

कुसाबाईनं पदर सारखा केला. मग परत सारखा केला. तिची जीभ कधी अशी जड झाली नव्हती. मेथीच्या जुड्या विकताना एका हाकेत अख्खी गल्ली जागी करणारी ही बाई. आणि नेमकं तेच दुखणं होतं. काल सातव्या मिनिटाला त्या गल्ली जाग्या करणाऱ्या आवाजात तीच ओरडली होती, "वेदे, पुढं हो, धर तिला." आणि पुढच्याच क्षणी वेदिका पुढे गेली होती.

कुसाबाई रात्रभर तेच घोळवत पडली होती. वेदिका तिच्या हाताखाली वाढलेली. सोमनाथची बायको मालाच्या गडबडीत, त्यामुळे पोरीला जेवू कुणी घातलं, वेणी कुणी घातली, काठी धरायला कुणी शिकवलं? कुसाबाईनं. आजी म्हणाली पाणी आण, की पाणी यायचं. आजी म्हणाली झोप, की दिवा बंद. बारा-तेरा वर्षं जिनं त्या आवाजाचं ऐकलं ती मैदानात ऐकणार नाही?

खरं तर हे सांगून टाकायला एक मिनिट पुरलं असतं. पण तज्ज्ञपण जाणार होतं. मळ्यात कुसाबाईकडे तेवढंच एक होतं. बाकी जमीन मुलांच्या नावावर आणि गुडघे डॉक्टरच्या हवाली. सोमनाथनं टोमॅटो उचलून तिच्यापुढे धरला आणि विचारलं, "बोल काकू. बसवायचं ना?"

त्या टोमॅटोवर नखाचा एक ओरखडा होता. कुसाबाईला वाटलं, पोरीच्या गालावर आहे.

"नाही बसवायचं," ती म्हणाली. "तिची चूक नाही. मी ओरडले पुढं हो म्हणून. माझ्यामुळं गेली ती."

कुसाबाईनं डोळे मिटले. आता कुणीतरी रागावेल, कुणीतरी हसेल, निदान अंबी तरी काहीतरी लागेल असं बोलेल.

रंगनाथनं घसा खाकरला. "तुमचा काही गैरसमज होतोय, कुसाबाई," तो म्हणाला. "ती माझ्या आवाजावर गेली."

कुसाबाईनं डोळे उघडले.

रंगनाथनं खुलासा केला. कंडक्टरकीतली जुनी सवय. गर्दी दिसली की तोंडातून आपोआप निघतं, पुढे चला, पुढे चला. काल डीजवळ गर्दी झाली आणि त्याच्या तोंडून तेच निघालं. तीस वर्षं त्या आवाजावर माणसं पुढे सरकली आहेत, म्हणाला, नाशिक ते पेठ, उभी माणसं. सोळा वर्षांच्या मुलीची काय कथा. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर अपराध्याचा भाव होता खरा, पण त्याच्या खाली जरासा अभिमानही लपून बसला होता.

सोमनाथला ते सहन झालं नाही. तो म्हणाला, हे काय चाललंय, ती माझी मुलगी आहे, ती दुसऱ्या कुणाच्या आवाजावर कशाला जाईल? मी हात केला होता. असा. आणि त्यानं हात करून दाखवला, त्यात कोबीचा गड्डा घरंगळत क्रेटांखाली गेला.

मग जे झालं ते या बैठकीच्या इतिहासात झालं नव्हतं. आतापर्यंत दोष दुसऱ्याच्या पदरात टाकण्यात सगळी हुशारी खर्च व्हायची. आता तिघंही तो आपल्याकडे ओढायला लागली. कुसाबाईला तर घाम फुटला. रात्रभर जागून ज्या चुकीची कबुली द्यायची तिनं हिंमत केली, ती चूक हे दोघे असे हसत हसत लुटून नेत होते. ती म्हणाली, माझा आवाज तुम्हा दोघांच्या वर जातो, हे सगळ्या मार्केटला माहीत आहे. रंगनाथ म्हणाला, जातो, पण त्यात शब्द कळत नाहीत. सोमनाथ म्हणाला, काकू, तू तर सामन्याच्या निम्म्या वेळेला पुढं हो म्हणतेस आणि निम्म्या वेळेला मागं हो. हे खरं होतं आणि म्हणूनच फार लागलं.

"मी काही ओरडले नव्हते," अंबूबाई म्हणाली. तिची माळ पूर्ण झाली होती. तिनं गाठ मारली. "मला एकाहत्तरपासून हॉकीतलं कुणी विचारतच नाही ना."

कुसाबाईला कळलं, आता ते येणार.

एकाहत्तरच्या आंतरशालेय अंतिम सामन्यात देवळालीच्या मुलींनी शेवटच्या दोन मिनिटांत गोल केला होता. कुसा-अंबूच्या नाशिकच्या शाळेची एक फुलबॅक जागा सोडून पुढे धावली आणि तिच्या मागून चेंडू गेला. ही गोष्ट मळ्यातल्या लहानथोरांना पाठ होती. लग्नांत, बारशांत, गेल्या वर्षी तर एका दशक्रियेतसुद्धा कुसाबाईनं ती सांगितली होती: मी माझ्या जागेवर होते, आणि अंबी पुढे गेली.

"कोण गेलं होतं गं पुढं, कुसे?" अंबूबाईनं विचारलं. आवाजात राग नव्हता. भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं.

एकदा कबुली द्यायला तोंड उघडलं की मागून काय काय येईल सांगता येत नाही. कुसाबाईनं गोणपाटावरचा एक कांदा उचलून परत ठेवला. "मी गेले होते," ती म्हणाली. "बाई रागावतील म्हणून तुझं नाव घेतलं. मग एकदा घेतलं ते घेतलं."

रंगनाथ आणि सोमनाथ या वेळी पुढे सरसावले नाहीत. या चुकीवर हक्क सांगायला दोघांचाही जन्म झालेला नव्हता. रंगनाथचा झाला होता म्हणा, पण तो तेव्हा पाळण्यातून नुकता उतरलेला.

"मला वाटलंच," अंबूबाई म्हणाली. "पण खरं सांगू? तू इतक्या वेळा सांगितलंस की मला हल्ली स्वप्नात मीच धावताना दिसते. स्कर्टाची शिवण उसवलेलीसुद्धा दिसते."

"शिवण माझ्या स्कर्टाची उसवली होती."

"बघ. तेही मला देऊन टाकलंस."

आणि ती हसली. तिचं ते हसणं कुसाबाईला रागावण्यापेक्षा जड गेलं. माफी कशी मागायची हे तिला आठवेना; शेवटी तिनं पुढ्यातली झेंडूची टोपली ओढली आणि फुलांचे देठ खुडून द्यायला लागली.

तेवढ्यात बाहेर स्कूटी थांबली. भाग्यश्री मॅडम आल्या, संघाच्या शिक्षिका, आणि त्यांच्या मागे बसून वेदिका. हातात काठी, बुटांना चिखल, कपाळावर घाम. सोमनाथ म्हणाला, ही तर घरात झोपलेली होती. मॅडम म्हणाल्या, सहा वाजल्यापासून मैदानावर आहे, मी पाणी मारायला माळ्याला उठवायला गेले तर ही एकटी तिथे पावलं मोजत होती.

वेदिका बाकी कुणाकडे न बघता गोणपाटाकडे बघत होती. तिला आपली जागा लगेच सापडली, म्हणजे जिथे टोमॅटो नव्हता ती.

सोमनाथनं घाईघाईनं सगळं सांगून टाकलं. की तुझी चूक नाही, हे आता ठरलं आहे. की आजी ओरडली, रंगनाथकाका ओरडले, मी हात केला. फक्त कुणाचं ऐकून गेलीस तेवढं सांग, म्हणजे बैठक उठेल. ही बातमी ऐकून मुलीचा चेहरा खुलेल अशी त्याची अपेक्षा होती. कुसाबाईची तर नुसती अपेक्षा नव्हती, खात्री होती; तिनं मान जराशी पुढे काढून ठेवली होती, आपलं नाव येईल तेव्हा नीट ऐकू यावं म्हणून.

"मी कुणाचंच ऐकलं नाही," वेदिका म्हणाली. "मैदानात मला तुमचं काही ऐकूच येत नाही. नुसती घरघर येते. विहिरीवरची मोटार चालू असल्यासारखी."

"माझापण आवाज?" कुसाबाईच्या तोंडून निघून गेलं.

"तुझा त्यात मोठा असेल, आजी. पण मोटारच."

वेदिका खाली बसली, गोणपाटाच्या बाहेरचा टोमॅटो उचलून तिनं डीच्या तोंडाशी ठेवला, मग एका बोटानं पुढे सरकवला. म्हणाली, तिचा चेंडू काठीपासून जरा सुटला होता, मला दिसलं, आणि मला वाटलं मिळेल. अर्धं पाऊल कमी पडलं. डावा पाय आधी टाकला, उजवा टाकायला हवा होता. सकाळपासून तेच करून बघते आहे.

"पण मग रात्री खेळणार नाही म्हणालीस ती?" सोमनाथनं विचारलं.

"रात्री म्हणाले. रात्री तुम्ही सगळे अंगणात आपापसात ठरवत होता, चूक कुणाची. मला कुणी विचारलंच नाही." तिनं टोमॅटो परत डीच्या तोंडाशी आणून ठेवला. "चूक माझी आहे, पप्पा. ती आजीची केली, काकांची केली, तर मग मी तिथे काय करत होते? चूक मला राहू द्या. मला लागणार आहे ती उद्या."

कुसाबाईनं आयुष्यात अनेक फुलबॅक पाहिल्या होत्या, निदान दोन तरी जवळून. पण आपली चूक अशी छातीशी धरून कुणी उभी राहिलेली तिनं पाहिली नव्हती. तिनं चोपन्न वर्षं स्वतःची चूक दुसरीच्या अंगावर घातली होती, आणि ज्या एका चुकीची जबाबदारी मोठ्या मनानं घ्यायला निघाली, ती तिची नव्हतीच. सुटल्याचं समाधान वाटायला हवं होतं. ते वाटत होतंही. पण मोटार हा शब्द मध्ये मध्ये टोचत होता.

मॅडमनी सांगितलं, उद्या वेदिकाच खेळेल, तिच्याच जागी. कुठला पाय चुकला हे जिला कळलंय तिला बाकावर बसवून मी काय करू? सोमनाथनं मान डोलवली, जणू हाच निर्णय तो सकाळपासून सुचवत होता. वेदिकाची एवढीच विनंती होती की उद्या कुणी तिचं नाव घेऊन ओरडू नये. ऐकू येत नाही म्हणून नव्हे, ती म्हणाली. उद्या ऐकू आलं तर काय, अशी आता भीती घातलीत तुम्ही.

रविवारी सामना मालेगावच्या मुलींशी होता. रंगनाथनं पायलीभर भुईमुगाच्या शेंगा भाजून आणल्या, तोंडं गुंतवायला. सगळे सीमारेषेपासून दहा हात लांब, रांगेत, शाळेच्या तपासणीला बसवल्यासारखे बसले. कुसाबाईच्या एका बाजूला अंबूबाई होती. शेंगांनी भागेना म्हणून कुसाबाईनं पदराचं टोकही दातांत धरलं.

ओरडायचं नाही म्हटल्यावर बघावंच लागतं, हे तिच्या पहिल्यांदा लक्षात आलं. इतकी वर्षं ती सामना बघत नव्हती, चालवत होती. आता वेदिका दिसायला लागली. चेंडू तिच्याकडे नसतानाही ती सारखी हलते आहे, मागे बघते आहे, गोलकीपर मुलीशी काहीतरी बोलते आहे. तिचं स्वतःचं एक काम चालू होतं आणि त्यात कुसाबाईला कधी कुणी विचारलेलं नव्हतं.

उत्तरार्धाच्या सुरुवातीला मालेगावच्या फॉरवर्डनं मध्यावर चेंडू घेतला. वेदिका डीच्या तोंडाशी होती. चेंडू काठीपासून वीतभर सुटला. कुसाबाईच्या घशात हाक तयार झाली, आणि ती हाक पुढं हो अशी आहे की मागं हो अशी, हे तिचं तिलाच कळेना. तिनं पदर घट्ट चावला. अंबूबाईनं तिचा हात धरला, का दाबून ठेवला, ते सांगता येणार नाही.

वेदिका पुढे गेली. उजवा पाय आधी टाकला. काठी जमिनीवर आडवी पडली, टक् असा आवाज झाला आणि चेंडू तिच्याकडे होता. तिनं मान वर करून तो मधल्या फळीतल्या मुलीकडे दिलासुद्धा. निवडीचे सर पलीकडे खुर्चीवर बसून वहीत काहीतरी लिहीत होते. कुणाबद्दल ते इतक्या लांबून दिसत नव्हतं.

सोमनाथ रडत होता आणि शेंगेचा तुकडा घशात अडकल्याचं नाटक करत होता. कुसाबाईनं दातांतला पदर सोडला. त्या चेंडूत आपला काडीचाही वाटा नाही, हे तिला अगदी स्पष्ट दिसत होतं. हे असं बघत राहणं इतकं अवघड असतं, हे तिला चोपन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी तिनं त्याला बोलू दिलं नसतं.

गोल अजून कुणाचाच झाला नव्हता. सामन्याची पंचवीस मिनिटं बाकी होती, आणि ती सगळी तोंड मिटून काढायची होती.